कथिलाच्या पोटातलं

कोपरखैरणे आलं तेव्हा सुनीतीच्या ध्यानात आलं, की तुर्भे केव्हाच मागं पडलं. कंडक्टरनं "खैरणे, खैरणे" असा पुकारा केला, दोन कामगार उतरले, मासळीची रिकामी पाटी घेतलेली एक बाई उतरली, आणि त्यांच्या पाठोपाठ, कुणीतरी हलवून उठवावं तशी सुनीतीही उतरली. बस ठाण्याच्या दिशेनं निघून गेली. धूळ उडाली, बसली, आणि रस्त्याच्या कडेला डब्याची पिशवी घेऊन ती एकटीच उरली. ती झोपली नव्हती. डोळे चांगले टक्क उघडे होते. वाशीचा नाका, मिठागरांचे पांढरे ढीग, तुर्भ्याच्या खाणींवरची भुरकट धूळ, सगळं खिडकीतून सरकताना दिसलं होतं. फक्त ते तिच्यापर्यंत येऊन पोचलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे घडलं असतं तर तिनं हसून सोडून दिलं असतं. पण सुनीती पाटणकर थांबा चुकते म्हणजे काय! गॅसचा नंबर कधी लावला, नंदिनीच्या शाळेत पालकांची सभा केव्हा, विलासच्या निळ्या शर्टाचं बटण कुठल्या डबीत, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी सकाळची की संध्याकाळची. घरात कुणीच काही लक्षात ठेवत नसे, कारण "सुनीतीला विचारा" एवढं एक लक्षात ठेवलं की भागे. तिचं डोकं म्हणजे सगळ्यांच्या वस्तू ठेवायचं फडताळ झालं होतं. आणि आज त्या फडताळाची मालकीणच कुठंतरी निघून गेली होती. आता आपण घाबरू, असं वाटून ती क्षणभर थांबली. भीती आली नाही. त्याऐवजी पोटातून एक गुदगुली वर आली, कॉलेजात तास बुडवून बाहेर पडल्यावर यायची तशी, आणि एका दहा वर्षांच्या मुलीच्या आईला भर रस्त्यात एकटीला हसू फुटलं.

कसला एवढा विचार करत होतो आपण, म्हणून तिनं मागं जाऊन चाचपून पाहिलं. विचार नव्हताच. दोन रंग होते. एक पिवळा, एक शेंदरी. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका लांबट शेडमध्ये त्यांची प्रयोगशाळा होती. खाणवाले पोत्यांतून दगड नि रेती पाठवायचे, आणि त्यात काय आहे, किती आहे, ते वेगळं काढता येईल का, हे प्रयोगशाळेनं सांगायचं. सध्या बस्तरकडच्या जंगलातली रेती आली होती. तिच्यात तीन धातू: एक कथील, आणि नायोबियम नि टँटलम ही कायम एकमेकांच्या गळ्यात गळा घालून सापडणारी जोडी. ही जोडी द्रावणात उतरवायची आणि वर टॅनिन घालायचं, तेच, चहाला तुरटपणा देणारं. मग टँटलम पिवळा होऊन खाली बसतो आणि त्याच्या मागून नायोबियम शेंदरी. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. पण काचेच्या पात्रात पहिला पिवळा ढग उतरायला लागला की सुनीतीचा श्वास अडकायचा. दिवसचे दिवस आम्लाच्या वाफा, खोकला, बोटांची सालं, आणि मग अचानक तो रंग. गेले तीन आठवडे मात्र पिवळा यायला हवा तितका येत नव्हता. मूळ रेतीत तो भरपूर होता. ती रेती हलत्या टेबलावर पाण्यानं धुतली, हलकी वाळू वाहून गेली, जड काळा माल उरला. इथवर सगळं ठीक. मग तो माल चुंबकाच्या यंत्रातून गेला. नायोबियम-टँटलमचे कण चुंबक ओढून घेतो, कथिलाचे कण सोडून देतो, म्हणजे झाले दोन वाटे. आणि चुंबकानं ओढलेल्या वाट्यात शेंदरी निघे, पण पिवळा निम्माही निघेना. तो कुठं गळाला, हे कुणाला सांगता येईना.

म्हणजे, सांगत दोघंही होते. ते यंत्र हारुन चौगुले चालवायचा. मूळचा श्रीवर्धनकडचा, शिकून इंजिनिअर झालेला, रोज मुंब्र्याहून स्कूटरवर येणारा, उंच, काटकुळा, सतत कपाळाचा घाम पुसणारा माणूस. सुनीतीचं म्हणणं, ह्याच्या यंत्रातून माल निसटतो. त्याचं म्हणणं, बाईंचं केमिकल मुळात चढं येतं. रेतीत एवढा टँटलम नाहीच. पहिल्या आठवड्यात हे दोघांनी एकमेकांना हसत सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात न हसता, आणि तिसऱ्या आठवड्यात सांगायचं काम शेडमधल्या देवजीकडे गेलं. देवजी करावे गावचा, बादल्या वाहणारा, भट्टी पेटवणारा, आणि निरोप पोचवताना त्यातले काटे काढून टाकणारा गृहस्थ. "बाय, चौगुलेसाहेब बोलतात का यंत्र साफ हाय," एवढंच तो सांगे. पलीकडं चौगुले काय बोलला ते पत्र्याच्या भिंतीतून सुनीतीनं शब्दशः ऐकलेलं असे. हे सगळं आठवून रस्त्याच्या कडेला तिला पुन्हा थोडं हसू आलं, आणि हसू विरल्यावर त्याच्याखाली काहीतरी टोचलं. ते काय, हे तिनं पाहिलं नाही. परतीची बस दिसत नव्हती. ती तुर्भ्याच्या दिशेनं चालू लागली.

इकडं अजून नगर नव्हतं, नगराची फक्त आखणी होती. रुंद रस्ते शेतात शिरून मध्येच थांबत. कडेला क्रमांक टाकलेले दगड रोवलेले, आणि त्या दगडांना अंग घासत म्हशी उभ्या. एका कारखान्याच्या धुराड्यातून पिवळट धूर निघत होता, खाडीचा खारट वास त्याला मागं लोटत होता. पायाखाली खडी. सुनीतीनं वाकून एक खडा उचलला. काळा, बारीक दाण्याचा, डोंगर फोडून आणलेला. किती वर्षांत आपण दगड हातात घेतला नाही, असं तिला वाटलं आणि गंमत वाटली. कारण दगडांच्या प्रयोगशाळेतच तर ती कामाला होती. पण तिच्यापर्यंत दगड पोचायचा तो पीठ होऊन, पुडीत बांधून, वर नंबर घालून. दगड कधीच नाही. साताऱ्याला कॉलेजात तिला भूगर्भशास्त्र होतं, दुय्यम विषय म्हणून. कागदासारखा पातळ कापलेला दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, खालून येणारा उजेड बदलून चकती फिरवली, की राखाडी दगडातून मोरपंखी, जांभळे, केशरी रंग उमलायचे नि मिटायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिनं डोळा काढलाच नाही. मागं रांग लागली, मुली कुजबुजल्या, शेवटी सरांनी खांद्यावर पट्टी आपटली. हाच विषय घेते म्हणाली, तर वडील, अप्पा, वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "डोंगरात हातोडा घेऊन हिंडणाऱ्या मुलीला स्थळं यायची नाहीत. रसायन घे. निदान छपराखालचं काम." त्यात राग नव्हता की हट्ट नव्हता, बाजारातून येताना भाजी आण म्हणावं तसं ते होतं. म्हणून तिनंही ते भाजीसारखंच आणलं. रसायन वाईट नव्हतंच. पिवळा-शेंदरी रसायनानंच दिला. फक्त पाहणं सुटलं. मोजणं आलं आणि पाहणं सुटलं.

"मॅडम! तुमी इकडं?"

निळी स्कूटर शेजारी येऊन फडफडत थांबली होती, आणि तिच्यावर चौगुले. आठवडाभरात थेट तिला उद्देशून त्यानं उच्चारलेले हे पहिले शब्द.

"थांबा चुकला माझा," सुनीती म्हणाली.

"तुमचा?" एवढंच तो म्हणाला, पण सुनीतीची सगळी कीर्ती त्या एका शब्दात होती. मग त्यानं मागची सीट रुमालानं पुसली. "बसा. बस यायला टाइम आहे. घाबरू नका, आमची अम्मीपण बसते हिच्यावर. फक्त ती सगळा रस्ता मला शिव्या घालते."

आपल्या सोसायटीतलं कुणी पाहील का, पाहिलं तर काय म्हणेल, साडीचं काय, पिशवीचं काय, हे प्रश्न सवयीनं रांगेत येऊन उभे राहिले. सुनीतीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती बसली. एका हातानं सीटमागचं जादा चाक गच्च धरलं, दुसऱ्या हातात पिशवी आणि तो खडा. वारा कानांत शिरला. पुढं चौगुल्याची पाठ, घामानं भिजलेला पांढरा शर्ट. त्याचं तोंड दिसत नव्हतं, तिचं त्याला दिसत नव्हतं, आणि बोलायचं तर ओरडावं लागत होतं. पत्र्याच्या भिंतीपेक्षा ही सोय फारच बरी होती.

"तुमच्या यंत्रातून माल निसटतो!" ती ओरडली.

"नाही निसटत! तीन वेळा खोलून धुतली मशीन! तुमचं केमिकल चढं आहे!"

"पाच वेळा केलंय मी! पाचही वेळा तेच!"

"मग लिहा तसं! साहेबांनी लिहिलंयच! 'चौगुल्यांनी यंत्र नीट चालवलं नाही.' शनिवारी रिपोर्ट जातोय, माहीत नाही तुमाला? मला बोलले, चौगुले, दुसरीकडं बघून ठेवा काही!"

हे सुनीतीला माहीत नव्हतं. मघाशी जे टोचलं होतं आणि तिनं पाहिलं नव्हतं, ते आता आपण होऊन समोर आलं. तिनं आकडे दिले होते. आकडे खरे होते. आणि खऱ्या आकड्यांच्या टोकाला हा माणूस लटकत होता, जो आत्ता खड्डा चुकवताना "सांभाळून हां, मॅडम" म्हणाला होता. स्कूटर एका ट्रकच्या मागं अडकली, इंजिन मंद झालं, आणि ओरडायची गरज उरली नाही.

"दुसऱ्या वाट्यात पाहिलं का तुम्ही?" तिनं हळू विचारलं. "कथिलाच्या?"

"त्यात काय बघायचं? कथील ते कथील. चुंबकानं सोडलेलं." त्यानं मान किंचित मागं वळवली. "तुमी बघितलं?"

"नाही. कथील आम्लाला दाद देत नाही, विरघळवता विरघळवता जीव जातो. त्यात किती कथील तेवढंच काढलं. दुसरं कुणी विचारलंच नाही."

ट्रक वळला. चौगुल्यानं वेग वाढवला, इतका, की सुनीतीनं खडा टाकून दिला, पिशवी मांडीत दाबली आणि दोन्ही हातांनी चाक धरलं.

प्रयोगशाळेच्या दर्शनी खोलीत एक सूक्ष्मदर्शक होता. मालक श्यामसुंदर टिपणीस यांनी तो कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात घेतला होता, आणि खाणवाले आले की मखमली गवसणी काढून ते तो दाखवत. एरवी त्याला कुणी हात लावत नसे. दसऱ्याला देवजी त्याला हळदकुंकू वाहायचा. सुनीतीनं गवसणी उचलली तेव्हा चकतीवर झेंडूची एक वाळकी पाकळी होती. तिनं ती फुंकून टाकली. हातांना सगळं आठवत होतं. डोक्याला विचारलं असतं तर कुठला स्क्रू आधी, ते सांगता आलं नसतं; बोटं मात्र आपापल्या जागी जाऊन बसली. चौगुल्यानं कथिलाच्या वाट्यातली चिमूट आणली, तिनं ती खलात किंचित चेचून काचपट्टीवर पसरली. वर तेल हवं, उजेड नीट आरपार जायला. लवंगेचं चालतं.

"देवजी, तुझी दाढ दुखतेय ना?"

"हाय तशीच," देवजी गाल धरून म्हणाला.

"लवंगेचं तेल आहे का जवळ?"

त्यानं खिशातून बाटली काढून दिली. "जरा राखून, बाय. दुपारला लागल."

मग तिनं डोळा लावला. आधी नुसता पांढरा धूसर उजेड, मग धुक्यातून काहीतरी तरंगत वर यावं तसे कण वर आले. कथिलाचा दगड बाहेरून काळाकुट्ट दिसतो. आतून तो मधाच्या रंगाचा होता. एका कडेला तांबूस, मग सोनेरी, पुन्हा तांबूस, थरांवर थर चढलेले. पृथ्वीच्या पोटात सावकाश वाढताना त्यानं घेतलेले सगळे रंग. खोलीत लवंगेचा उग्र गोड वास पसरला होता. बाहेर टेबलाची खडखड चालू होती. ती कुठं होती? साताऱ्यात नव्हती, तुर्भ्यात नव्हती, कुणाची सून नि कुणाची आई हेही थोडा वेळ कुठंतरी बाजूला उभं राहिलं. तिनं पट्टी केसभर सरकवली. आणि मग त्या मधाच्या आत तिला ठिपके दिसले. काळे, खसखशीपेक्षा कितीतरी बारीक, थरांच्या रेषेनं ओळीत बसलेले. शेजारच्या कणात पाहिलं, त्यातही होते. त्याच्या शेजारच्यातही. एखादा कण तर ठिपक्यांनी गच्च.

"काय आहे? बोला तरी," चौगुले कपाळ पुसत म्हणाला.

तिनं उठून त्याला जागा दिली. तो वाकला, बराच वेळ वाकून राहिला.

"ही घाण आहे?"

"घाण नाही," सुनीती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी लागला. "तो माझा पिवळा आहे."

"म्हणजे माझं मशीन..."

"तुमचं मशीन काय करणार? तो कथिलाच्या पोटात बसलाय. एवढ्याशा ठिपक्यासाठी चुंबक अख्खा कण कसा ओढेल?"

"आणि तुमचं केमिकल बरोबर."

"बरोबर."

"म्हणजे आपण दोघंपण बरोबर?"

"दोघंही बरोबर, आणि दोघंही गाढव."

चौगुले इतक्या मोठ्यानं हसला की दारात टिपणीससाहेब उभे राहिलेले त्यांना कळलेच नाहीत. साहेब जाडे, प्रेमळ आणि घाबरट होते. हातात टाइप केलेला रिपोर्ट होता. सगळं ऐकून त्यांनी चष्मा वर सरकवला आणि ते सूक्ष्मदर्शकात डोकावले. "मला तर माझ्याच पापण्या दिसतायत," ते म्हणाले. दुसरा डोळा लावला. "आता ह्या बाजूच्या दिसतायत." मग सरळ होऊन त्यांनी काळजीनं दोघांकडे पाहिलं. "पाटणकरबाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे हो. पण काळा ठिपका म्हणजे टँटलमच कशावरून? लोखंड निघालं तर? पार्टीला काय तोंड दाखवू?"

प्रश्न बरोबर होता. "आठ दिवस द्या, सर. मी विरघळवून दाखवते."

"आणि लोखंड निघालं तर?"

"तर त्या वाक्यात चौगुल्यांच्या जागी माझं नाव टाइप करा. मी सही करीन."

बोलून झाल्यावर ते वाक्य खोलीत तसंच उभं राहिलं. कुणी बोललं हे, म्हणून सुनीतीनं मनातल्या मनात मागं वळून पाहिलं. साहेबांनी रिपोर्टाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी करून खिशात घातली. "आठ दिवस," ते म्हणाले.

ती संध्याकाळ मात्र लांबली. कुकर लावताना, नंदिनीचा भूगोल घेताना, गॅलरीतले कपडे ओढताना ते ठिपके तिच्यासमोर येत, आणि प्रत्येक वेळी थोडे अधिक लोखंडासारखे दिसत. सकाळची गुदगुली होती, पण आता तिच्यात सुई होती. विलास बँकेतून आला, पूल ओलांडताना बस कशी बंद पडली ते सांगत बसला. तिनं हं हं केलं. मालतीबाईंना, तिच्या सासूबाईंना, गिरगावातून ह्या वाऱ्यावरच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून शेजारपाजाराच्या बातम्यांचा दुष्काळ होता. त्या रोज न चुकता विचारत, "आज काय निघालं?" आज सुनीतीनं सगळं सांगितलं, स्कूटरसकट.

"कशी बसलीस? एका अंगाला की कसं?"

"एका अंगाला."

"धरलंस कुठं?"

"मागच्या जादा चाकाला."

"बरं केलंस." मालतीबाई शेंगा सोलत राहिल्या. "आणि हे टँटलम का काय, त्याची भांडी होतात?"

"नाही. रेडिओत घालतात, टीव्हीत. आत इवलासा तुकडा असतो."

"मग कथीलच बरं. निदान कल्हई तरी होते." थोड्या वेळानं त्यांनी सोललेल्या दाण्यांची मूठ तिच्या हातात ठेवली. "खा. चेहरा बघ किती उतरलाय. आणि लोखंड निघालं तर निघालं. सही करायला पेन लागतं, त्याला काय घाबरायचं?" नवऱ्यालाही न सांगितलेली ती सहीची गोष्ट आपण सासूबाईंना कधी सांगितली, हे सुनीतीला आठवेना. आज तिला बऱ्याच गोष्टी आठवत नव्हत्या. दाणे खाता खाता ती गॅलरीत उभी राहिली. दूर खाडीवर पुलाचे दिवे लागत होते, आणि ती नुसती ते दिवे पाहत राहिली, न मोजता.

कथिलाचा दगड खरंच दाद देत नव्हता. क्षारात घालून लालभडक तापवा, थंड करा, विरघळवा, उरलेलं पुन्हा तापवा. पहिली मूस तडकली. दुसऱ्या खेपेला द्रावण गढूळ राहिलं. चौगुले आता निरोप पाठवत नसे. दर थोड्या वेळानं स्वतः दारात येऊन उभा राही, काही न विचारता परत जाई, आणि एकदा त्यानं अम्मीनं केलेली सांदणं केळीच्या पानात आणून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. आठवडा सरत आला तेव्हा कुठं पाण्यासारखं नितळ द्रावण तिच्या हाती आलं. तिनं ते उकळलं आणि टॅनिनचे थेंब सोडले. एक, दोन. काही नाही. आणि मग पात्राच्या तळाशी, आधी धुराच्या रेघेसारखा, मग दाट, मग सावकाश घड्या पडत, पिवळा उतरला. सुनीतीनं त्याच्यावर हात धरला, वारा लागू नये म्हणून. वारा लागून त्याला काही होणार नव्हतं. इतके दिवस हरवलेलं सगळं त्यात होतं की नाही, ते वजन केल्यावर कळायचं होतं. पण तिला ते आताच कळलं. वजनानं नंतर फक्त मान डोलावली.

टिपणीससाहेबांनी ते वाक्य स्वतः पेनानं खोडलं, आणि मग खुर्चीत बसून नवी काळजी काढली. "सापडलं, ठीक. पण काढायचं कसं? एवढे बारीक ठिपके सुटे करायचे तर दगडाचं काजळ करावं लागेल. काजळ टेबलावरून वाहून जाईल. पार्टी म्हणेल, छान, सापडलं, आता काय आरती करू?"

सुनीतीनं चौगुल्याकडे पाहिलं, आणि आपण त्याच्याकडे पाहिलं ह्याचं तिला आश्चर्य वाटलं नाही.

"काढायचं कशाला?" चौगुले म्हणाला. "राहू दे ना आत. कथील तर वितळवायचंच आहे. कोळसा घालून भट्टीत टाकलं की कथील होईल खाली, आणि टँटलम काय कोळशाला ऐकत नाही. तो वर स्लॅगमधे, मळीत जाणार. सगळा. लोक मळी फेकतात. आपण सांगू, फेकू नका. तीच विका."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "चौगुले," ते म्हणाले, "ते मी दुसरीकडं बघायचं बोललो होतो ना, ते काही बघू नका."

देवजीनं शेडमागच्या अंगणात भट्टी पेटवली. तिची धग अशी, की सगळे कोंडाळं करून उभे, पण प्रत्येकजण थोडा मागं सरकलेला. मूस चिमट्यानं उचलून चौगुल्यानं लोखंडी साच्यात ओतली. पांढऱ्या उजेडाची एक जाड धार, मग ठिणग्या, मग काजळी. थंड झाल्यावर हातोड्याचा एक घाव, आणि वरची काळी काचेसारखी मळी तडतड फुटून अंगणभर उडाली. खाली कथील. इतकं चकचकीत, की टिपणीससाहेबांनी त्यात स्वतःचं नाक पाहिलं. त्याची एक पातळ कांडी ओतून घेतली, कारण कथील वाकवलं की आवाज करतं हे साहेबांना ठाऊक होतं आणि ते सगळ्यांना ऐकवायची त्यांना फार हौस होती. त्यांनी ती कानाशी धरून वाकवली. करर्र, असा आतून काहीतरी उसवल्यासारखा आवाज आला. "रडतं हो! कथील रडतं!"

देवजीनं कान लावला. "रडत नाय साहेब. खोकतंय."

कांडी हातोहात फिरली. शेजारच्या कारखान्यातले दोघे कुंपणावरून डोकावले, त्यांनाही ऐकवली. त्या वेळी सुनीती गुडघे टेकून जमिनीवर होती. तिनं पदर खोचला होता आणि मळीचे तुकडे वेचत होती. काळे, कोमट, धारदार तुकडे. समोरून चौगुलेही वाकून वेचत येत होता, आणि एका मोठ्या तुकड्यावर दोघांचे हात एकदमच पडले.

"तुमचा," चौगुले म्हणाला. "तुमीच विरघळवणार."

"हे मात्र विरघळेल हो लवकर," ती म्हणाली. तो तुकडा तिनं उन्हात धरला. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं; कडेला जराशी तपकिरी झाक, बाकी अंधार. तरी ती तो पाहत राहिली, आणि ह्या वेळी तिच्या पोटात सुई नव्हती.

मळीची पूड तिनं नेहमीच्या मापानं घेतली. ती चूक होती. रेतीत थोडा थोडा असणारा टँटलम ह्यात कोंबून भरलेला असणार, हा विचार तिनं करायला हवा होता. टॅनिन पडलं, आणि पिवळा खाली बसायच्या ऐवजी वर फुगत आला. लापशीसारखा. पात्राच्या काठापर्यंत. तिनं घाईनं गाळणी लावली, कागद भरला. दुसरा लावला, तो भरला. तिसरा, चौथा. पाचव्यानंतर पुडक्यात कागद उरला नाही, आणि पात्रात अजून निम्मा पिवळा तसाच, वाफ सोडत. प्रयोगशाळेत कुणी कधी ओरडून हाक मारत नसे, आणि सुनीती तर नाहीच नाही.

"चौगुले!" ती ओरडली. "कागद! कागद संपले! काहीही आणा!"

भिंतीपलीकडं यंत्र घरघरत थांबलं. धावत्या पावलांचा आवाज आला, मग टिपणीससाहेबांच्या खोलीत काहीतरी पडल्याचा, मग साहेबांचा "अहो, अहो!" असा आवाज, आणि दारात चौगुले उभा राहिला, घामाघूम, साहेबांच्या टेबलावरचा टीपकागदाचा अख्खा गठ्ठा छातीशी धरून.